मुरुडचे अण्णा : महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे अल्पचरित्र

यश कसे मिळवावे आणि आयुष्य कसे घडवावे, हे सांगणारे आजकाल पुष्कळ भेटतात. काठावर बसून पोहण्याची कला शिकवणारे गावोगाव असतात. पण ज्याने नदी खरोखर पार केली, ज्याच्या नाकातोंडात पाणी गेले आणि तरी जो पलीकडे पोचला, त्याचे सांगणे निराळे असते. आपण वारकरी मंडळी अनुभवाला मान देणारी. ऐकीव ज्ञानापेक्षा जगलेले ज्ञान थोर, हे आपल्याला कुणी वेगळे शिकवायला नको. म्हणून या महिन्यात आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका अनुभवी पुरुषाचे चरित्र वाचकांच्या सेवेस सादर करीत आहे. या पुरुषाने गळ्यात माळ घातली नव्हती, हाती वीणा घेतला नव्हता, कपाळी गंध-बुक्का लावून तो आपल्या दिंडीत कधी चालला नाही. पण चालला मात्र जन्मभर, आणि तेही दुसऱ्यांसाठी.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली या आजोळच्या गावी झाला. त्यांचे स्वतःचे गाव मुरुड. दापोली तालुक्यात, हर्णैच्या खाली, समुद्राच्या काठी नारळी-पोफळीत लपलेले हे गाव. गावात दुर्गादेवीचे जुने देऊळ आहे. वडील केशवपंत दुसऱ्याच्या वतनाचा कारभार बेताच्या पगारावर पाहात. आई लक्ष्मीबाई. कर्व्यांचे घराणे पूर्वी नांदते होते. पूर्वजांनी राजेरजवाड्यांना कर्जे दिली होती असे घरात सांगत. धोंडोपंतांच्या लहानपणी मात्र त्या श्रीमंतीची कथाच काय ती उरली होती.

त्या काळी बडोद्यास ब्राह्मणांना दक्षिणा मिळे, आणि कोकणातली गरीब ब्राह्मण मंडळी ती घ्यायला दुरून जात. धोंडू आणि त्याच्या भावालाही जावेसे वाटले. घरात पैशाची चणचण, चार रुपये आले तर बरेच, असा मुलांचा साधा हिशेब. आईने साफ नकार दिला. ज्या घराण्याने देणे केले त्या घराण्यातल्या मुलांनी भिक्षेसाठी हात पसरायचा नाही, हा तिचा निश्चय. मंडळी, पुढची गंमत पाहा. याच मुलाने पुढे साठ-पासष्ट वर्षे लोकांपुढे हात पसरला. दारोदार फिरला, आणा-दोन आणेही आनंदाने घेतले. पण त्यातला एक पैसा स्वतःच्या घरी नेला नाही. स्वतःसाठी मागणे आणि दुसऱ्यासाठी मागणे यांत केवढे अंतर आहे, हे त्या माउलीने न कळत मुलाला शिकवून ठेवले.

मुलगा अंगाने किरकोळ, स्वभावाने अतिशय लाजाळू. चार माणसांत तोंड उघडणे म्हणजे त्याला संकट. गावात सोमण नावाचे शिक्षक होते. त्यांना लोकहिताची आवड. मुलाची भीड मोडावी आणि गावाला जगातल्या चार गोष्टी कळाव्यात, म्हणून त्यांनी धोंडूला देवळात बसून लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला लावले. आपल्याकडे देवळात पोथी लागते. मुरुडच्या देवळात हा मुलगा वर्तमानपत्र वाची. त्याची भीड पुरती अशी कधी मोडली नाही. मोठेपणीही तो वक्ता म्हणून गाजला नाही. सभेत गडगडाट करणारे पुढारी त्या काळी पुण्यात थोडे नव्हते. अण्णा त्यांतले नव्हते. ज्याला बोलता येत नाही त्याच्या हातून मोठे काम होत नाही, अशी समजूत असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आम्हां कीर्तनकारांनी तर विशेष ध्यानात ठेवावे.

आता १८७५ सालची गोष्ट ऐका. त्या वेळी मराठी सहावी इयत्तेची एक सरकारी परीक्षा असे. ती पास झाली की शाळामास्तराची किंवा कारकुनाची नोकरी मिळण्याची आशा. परीक्षेस बसायला सतरा वर्षे पुरी झालेली पाहिजेत. धोंडू सतरा वर्षांचा होता. परीक्षेचे ठिकाण सातारा. दिवस पावसाळ्याचे. समुद्र खवळलेला, त्यामुळे जलमार्ग बंद. परीक्षेला दिवस थोडेच उरलेले. तेव्हा ही पोरे पायीच निघाली. चिपळुणाकडून कुंभार्ली घाट चढून साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैलांची वाट. वरून धो धो पाऊस, ओढ्यांना पाणी, पाठीवर वळकटी, पायांत गोळे. ज्यांनी आषाढात चिखल तुडवला आहे त्यांना ही वाट मी वर्णन करून सांगायला नको.

पोरे वेळेवर पोचली. परीक्षेच्या ठिकाणी अधिकाऱ्याने धोंडूकडे पाहिले. एवढासा देह, कोवळा चेहरा. हा सतरा वर्षांचा दिसतच नाही, असे त्याच्या मनाने घेतले. जवळ दाखला होता, त्यावर वय लिहिलेले होते. उपयोग झाला नाही. परीक्षेस बसू दिले नाही. शंभर मैल चालून आलेला मुलगा दारातूनच परत फिरला.

येथे क्षणभर थांबावे असे वाटते. एवढ्या कष्टानंतर असा अन्याय झाला, तर माणूस काय करतो? कुणी नशिबाला बोल लावतो, कुणी सरकारला शिव्या देतो, कुणी पुन्हा पुस्तकाला हात लावीत नाही. या मुलाने परतीची वाट धरली, घरी येऊन अभ्यास चालू ठेवला, आणि पुढच्या खेपेस कोल्हापूर केंद्रातून ती परीक्षा दिली व पास झाला. इतकेच. यात चमत्कार नाही, वर्णन करण्याजोगा पराक्रम नाही. पण अण्णांच्या पुढच्या सगळ्या चरित्राची किल्ली मला येथे दिसते. बंद दारावर डोके आपटत बसायचे नाही, आणि घरीही परत बसायचे नाही. दुसरे दार कुठे आहे ते पाहायचे.

इंग्रजी शिक्षण त्यांनी उशिरा आरंभिले. बरोबरीची मुले नोकरीला लागली तेव्हा हे मुंबईस रॉबर्ट मनी शाळेत आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी बसून धडे घेत होते. १८८१ मध्ये मॅट्रिक झाले तेव्हा वय तेवीस. १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन बी. ए. झाले. शिकवण्या करून पोट भरायचे. पहाटे उठून निघायचे, शिकवणीपासून शिकवणीपर्यंत पायी चालायचे. मिळकतीतून रुपयामागे एक पैसा धर्मकार्यासाठी बाजूला टाकायचा, हा नियम त्यांनी त्या ओढगस्तीतच लावून घेतला. श्रीमंत झालो म्हणजे दानधर्म करू, असे म्हणणारे पुष्कळ असतात, आणि ते बहुधा श्रीमंतही होत नाहीत व दानधर्मही करीत नाहीत. पैशाची चिमूट बाजूला ठेवण्याची सवय गरिबीतच लागावी लागते. याच वृत्तीतून १८८६ साली त्यांनी मुरुड फंड काढला. गावाबाहेर नोकरीला गेलेल्या मुरुडकरांनी आपल्या कमाईचा लहानसा वाटा गावाच्या सुधारणेसाठी द्यावा, अशी ती योजना होती.

त्यांचे पहिले लग्न चौदा-पंधराव्या वर्षीच झाले होते. पत्नी राधाबाई. मुंबईच्या त्या लहानशा बिऱ्हाडात कोकणातून शिकायला आलेली मुले राहात, आणि राधाबाई त्या सर्वांना रांधून वाढीत. त्यांच्यांतलेच एक मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, नात्याने भाऊ, पुढे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाने आले आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. वाचकहो, एका गरीब घरातल्या भाकरीचे फळ कुठवर पोचते पाहा. १८९१ साली राधाबाई वारल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून धोंडोपंत पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. १९१४ पर्यंत त्यांनी तेथे शिकवले.

आता चरित्राचा मुख्य भाग येतो. त्या काळी आठ-दहा वर्षांची मुलगी विधवा झाली तरी तिचे केस काढायचे, तांबडे लुगडे नेसवायचे, एक वेळ जेवू घालायचे आणि घरातल्या अंधाऱ्या खोलीत तिचे आयुष्य कुजू द्यायचे, ही रीत उच्चवर्णीय घरांत चालू होती. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता, पण कायदा कागदावर आणि रूढी घरात. पंढरपुरात तर या दुःखाचा दुसरा चेहरा दिसे. फसलेल्या विधवा तीर्थाच्या ठिकाणी येऊन बाळंत होत आणि अर्भके टाकून जात. त्या अर्भकांसाठी १८७५ साली पंढरपुरातच बालहत्या-प्रतिबंधक गृह काढावे लागले. आपण ज्या वाळवंटात नाचतो त्याच्या काठावर हेही घडत होते. ते विसरून चालणार नाही.

पत्नी वारल्यावर धोंडोपंतांना मुली सांगून येऊ लागल्या. वय पस्तिशीचे, सांगून येणाऱ्या मुली दहा-बारा वर्षांच्या. त्यांनी ठरवले, लग्न करायचे तर विधवेशीच. मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई ही आपल्या देवरुखची. आठव्या वर्षी लग्न आणि तीनच महिन्यांत वैधव्य. पुढे मोठेपणी ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. गोदूबाईंचे नाव आनंदीबाई ठेवले. पुढे सगळे त्यांना बाया म्हणू लागले.

बातमी मुरुडास पोचली आणि गाव खवळले. ज्या गावासाठी यांनी फंड काढला, ज्या गावाला देवळात बसून वर्तमानपत्र वाचून दाखवले, त्या गावाने सभा भरवून ठराव केला. कर्व्यांशी संबंध ठेवील त्यावर बहिष्कार. घरच्यांनी त्यांना घरात घेतले तर घरच्यांवरही बहिष्कार. म्हातारी आई, थोरला भाऊ आणि आप्त यांच्यावर केवढा प्रसंग! मुलगा गावी यावा ही आईची इच्छा, आणि आला तर घरात घेता येत नाही. ज्या आईने भिक्षेपासून मुलाला अडवले तिच्या उंबऱ्याच्या बाहेर त्याला उभे राहावे लागले.

धोंडोपंतांनी काय केले? गावाला शिव्या दिल्या नाहीत, वर्तमानपत्रांतून भांडण मांडले नाही, आईवर रुसले नाहीत. आपल्यामुळे घरच्यांना त्रास होऊ नये, एवढी काळजी घेतली आणि काम चालू ठेवले. सहन करणे दोन प्रकारचे असते. एक दुबळ्याचे, दुसरे धीराच्या माणसाचे. दुबळा सहन करतो तेव्हा आतून जळत असतो. धीराचा माणूस सहन करतो तेव्हा त्याचे लक्ष कामावर असते, म्हणून जळायला त्याला सवड नसते.

विवाहानंतर त्याच वर्षी त्यांनी पुनर्विवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापन केली. पण थोड्याच काळात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. एका विधवेचे लग्न झाले तर एक संसार उभा राहतो. ज्या हजारो जणी लग्न करणार नाहीत त्यांचे काय? त्यांना शिकवले, पायावर उभे केले, तर त्यांचे भविष्य त्यांच्याच हाती येईल. म्हणून १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर अध्यक्ष झाले. अण्णांनी आपल्या शिलकेतले हजार रुपये देऊन टाकले. कॉलेजच्या सुट्टीत ते वर्गणीसाठी गावोगाव फिरू लागले.

येथे त्यांचे व्यवहारचातुर्य पाहण्यासारखे आहे. आश्रमात मुलगी पाठवली तर तिचे लग्न लावून देतील, ही लोकांची भीती. म्हणून त्यांनी आश्रमाचे काम आणि पुनर्विवाहाचे काम अगदी निराळे ठेवले, आणि पुढे पुनर्विवाहाच्या मंडळीतून आपले अंगही काढून घेतले. पुनर्विवाह त्यांना अमान्य होता असे नाही, त्यांनी तर तो स्वतःच केला होता. पण दोन्ही दोर एका हाताने ओढले तर दोन्ही सुटतील, हे ते जाणून होते. तडजोड केली म्हणून काही सुधारकांनी त्यांना बोल लावला, आणि सनातनी तर बोल लावीतच होते. दोन्हीकडून बोलणी खात हा माणूस मधल्या पाऊलवाटेने चालत राहिला.

या तडजोडीची किंमत मात्र घरातल्या एका माणसाने मोजली, आणि ती सांगितल्याशिवाय चरित्र पुरे होत नाही. बायांनी स्वतः पुनर्विवाह केलेला. त्या आश्रमात वावरल्या तर लोक बिचकतील, म्हणून ज्या आश्रमासाठी नवऱ्याने सर्वस्व ओतले त्याच आश्रमापासून बायांना बरीच वर्षे दूर राहावे लागले. घरात पैशाची ओढ, मुले लहान, नवरा दिवसभर कॉलेजात आणि रात्री आश्रमात. बायांनी पुढे आपली कहाणी माझे पुराण या पुस्तकात स्पष्ट शब्दांत सांगितली आहे. त्यात नवऱ्याबद्दलचा आदर आहे, तशीच मनातली खंतही आहे. थोर पुरुषाच्या यशाचा हिशेब मांडताना त्याच्या घरातल्या बाईचे खाते आपण कोरे ठेवतो. ते बरे नव्हे. देव्हाऱ्यात विठोबाशेजारी रखुमाई उभी असते ती काय शोभेसाठी?

आश्रम प्रथम पुण्यातच होता. पुढे शहरात प्लेगने थैमान घातले. तेव्हा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याबाहेर हिंगणे येथे जागा दिली. १९०० साली तेथे एक झोपडी उभी राहिली. भोवती माळरान, धड रस्ता नाही. आणि आमच्या अण्णांची वारी सुरू झाली. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचे, संध्याकाळी सुमारे चार मैल पायी हिंगण्यास जायचे, तेथे मुलींना शिकवायचे, आश्रमाचा हिशेब पाहायचा, रात्री तेथेच राहायचे आणि सकाळी पुन्हा चालत कॉलेजात हजर. पावसाळ्यात त्या वाटेवर गुडघाभर चिखल. असे वर्षानुवर्षे चालले. आपली वारी वर्षातून एकदा आषाढीस, फार तर कार्तिकीस. अण्णांची वारी रोजची होती.

या आश्रमात घडलेल्या एकीचीच हकीकत सांगतो, म्हणजे काम काय होते ते कळेल. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. याही देवरुखच्याच. विशीच्या सुमारास विधवा झाल्या, पदरी एक मुलगा. अक्षरओळख जवळजवळ नाही. त्या मोठेपणी शिकल्या, आश्रमाच्या कामाला लागल्या, पुढे आश्रमाच्या व्यवस्थापक झाल्या. केशवपन केलेल्या डोक्यावर पदर घेऊन त्या गावोगाव सभांतून बोलत आणि वर्गणी जमवीत. १९१८ साली तर संस्थेच्या मदतीसाठी त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. इंग्रजी बेताचेच, हाती पैसा नाही. लोकांच्या घरी धुणीभांडी करून राहिल्या, भाषा शिकल्या, आणि १९२० साली निधी जमवून परत आल्या. ज्या बाईने जन्मभर कोपऱ्यात बसावे असे रूढीने ठरवले होते, ती सातासमुद्रापार जाऊन आली. मनुष्याची वाढ कशाला म्हणतात याचा यापेक्षा चांगला दृष्टांत माझ्यापाशी नाही.

१९०७ साली महिला विद्यालय निघाले. १९०८ साली निष्काम कर्म मठ स्थापन झाला. नाव ऐकूनच ओळखाल की गीतेतला कर्मयोग अण्णांनी पोथीत ठेवला नव्हता. फळाची आशा न धरता तन, मन, धन या कामाला वाहणारी थोडी माणसे एकत्र यावीत, हा त्या मठाचा हेतू. त्यात भगवी वस्त्रे नव्हती. हिशेबाच्या वह्या होत्या, शाळेचे वेळापत्रक होते. अण्णांची ख्याती अशी की, पैशाचा हिशेब चोख. लोकांनी विश्वासाने दिले ते याच कारणाने. धर्मकार्य करणाऱ्या मंडळींनी ही एक गोष्ट उचलली तरी पुष्कळ आहे.

१९१५ साली अण्णांनी आत्मवृत्त लिहिले. अठ्ठावन्नाव्या वर्षात पदार्पण केलेले, निवृत्त झालेले. कुणालाही वाटावे, आता आयुष्याचा समारोप. पण त्याच सुमारास जपानातल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती होती. ती आधीच टपालाने आली होती आणि तशीच पडून होती. पुन्हा वाचताच मनात कल्पना आली, आणि १९१६ साली हिंदुस्थानातले स्त्रियांचे पहिले विद्यापीठ सुरू झाले. विद्यार्थिनी किती? पाच! लोक हसले. पाच मुलींचे कसले विद्यापीठ? शिक्षण मातृभाषेतून द्यायचे, हाही लोकांना वेडेपणाच वाटला. अण्णा पुन्हा झोळी घेऊन निघाले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ पंधरा लाख रुपये दिले, आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. पाच मुलींचे ते विद्यापीठ आज शंभरी ओलांडून मुंबईत नांदते आहे. हिंगण्याच्या माळावर आता मोठी वस्ती आहे आणि तिचे नाव कर्वेनगर आहे. झोपडीच्या जागी उभी राहिलेली संस्था महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था या नावाने चालते.

१९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी अण्णा परदेशच्या प्रवासास निघाले. युरोप, अमेरिका, जपान, पुढे आफ्रिका. भाषणाची भीती असलेला हा माणूस परक्या देशांतल्या सभांतून आपल्या विद्यापीठाची माहिती सांगत फिरला आणि निधी जमवून आला.

अण्णांच्या कामात उणे नव्हते असे कोणी म्हणू नये. आश्रमाचा लाभ प्रारंभी मुख्यतः उच्चवर्णीय स्त्रियांनाच झाला. शेतात राबणाऱ्या, गावकुसाबाहेर राहणाऱ्या घरांतल्या मुलींपर्यंत ते शिक्षण पोचले नव्हते. पण अण्णांचे मोठेपण असे की, म्हातारपणातही त्यांची नजर पुढे जात राहिली. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम शिक्षण मंडळ स्थापन केले. ज्या खेड्यांत शाळाच नाही तेथे सर्व जातींच्या मुलांसाठी प्राथमिक शाळा काढायच्या. त्यासाठी हा म्हातारा हातात डबा घेऊन पुण्याच्या रस्त्यांतून दारोदार फिरे. आणि १९४४ साली, श्याऐंशीव्या वर्षी, माणसामाणसांत उच्चनीच नाही हे सांगण्यासाठी समता संघ काढला. आपण वाळवंटात एकमेकांच्या पायां पडतो तेव्हा हेच तर सांगत असतो. मात्र वाळवंटातून उठून पंगतीला बसलो की काय होत असे, हे त्यांच्या सूनबाई इरावती कर्वे यांनी लिहून ठेवले आहे. त्या स्वतः आळंदी-पंढरीच्या वाटेने दिंडीबरोबर पायी चालल्या होत्या. वाटचाल नावाच्या त्यांच्या लेखात वारीचे प्रेम आहे, आणि एकाच दिंडीत ब्राह्मणांची व मराठ्यांची पंगत निराळी पडते याचे दुःखही आहे. घरच्या माणसाने कान धरावा तसा तो लेख आहे. वारकऱ्यांनी तो अवश्य वाचावा आणि आपापल्या दिंडीकडे एकदा निरखून पाहावे.

बाया १९५० साली वारल्या. अण्णा मागे राहिले. १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न हा सर्वोच्च मान त्यांना मिळाला. ज्या मुलाला वय कमी दिसते म्हणून परीक्षेच्या दारातून परत पाठवले होते, त्याच्या वयाची शताब्दी साऱ्या देशाने साजरी केली. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. वय एकशेचार वर्षे. ज्या मुरुडाने बहिष्काराचा ठराव केला होता, त्या मुरुडात आज त्यांचे स्मारक उभे आहे. पर्यटक येतात, फोटो काढतात, समुद्रावर जातात. ठराव करणाऱ्यांची नावे मात्र कुणाला ठाऊक नाहीत.

आता या चरित्रातून आपण काय घ्यायचे? उशीर झाला म्हणून काही अडत नाही. तेविसाव्या वर्षी मॅट्रिक झालेला माणूस विद्यापीठ काढू शकतो. अंगात मोठा गुण नसला तरी चालते. ना वक्तृत्व, ना धन, ना देहाची भरदार उंची, तरी काम उभे राहते. एका वेळी एकच काम घ्यावे आणि त्याचा हिशेब चोख ठेवावा. निंदा होईल तेव्हा तिला उत्तर देण्यात दिवस घालवू नये. आणि म्हातारपण आले म्हणून झोळी खुंटीला टांगू नये. हे सगळे बोलायला सोपे आहे. अण्णांनी ते सत्तर-ऐंशी वर्षे रोज केले, म्हणून त्यांच्या सांगण्याला वजन आहे.

अजून एक सांगतो आणि पुरे करतो. आपल्या गावात, आपल्या नात्यात, आपल्या दिंडीत आजही एखादी बाई असेल, जिला शुभकार्यात मागे बसवतात; हळदी-कुंकवाला जिला बोलावीत नाहीत; नवरा गेला म्हणून जिच्या हातचे ओवाळणे चालत नाही. कायदे झाले, शाळा झाल्या, तरी ही रीत पुरती गेलेली नाही. महाराष्ट्रातल्या काही गावांनी अलीकडे ग्रामसभेत ठराव करून असल्या चाली बंद केल्या; कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ साली तो ठराव केला. एक ठराव मुरुडने १८९३ साली केला होता, एक हेरवाडने केला. आपल्या गावाने कोणता करायचा, हे आपल्या हाती आहे. येत्या एकादशीला देवळात काकडा झाला की गावातल्या त्या माउलीला पुढे बोलवा, आरतीचे ताट तिच्या हाती द्या. विठोबाला ते चालते. त्याला कधीच काही अडचण नव्हती.